मोटारींतील कॅमेरा पक्का कसा बसवावा

मोटारीच्या पुढच्या कांचेला आंतल्या बाजूनें चिकटविलेला एक लहानसा कॅमेरा आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांनीं पाहिला असेल. त्यास डॅश कॅमेरा अथवा नुसतें डॅशकॅम असें म्हणतात. मोटार सुरू झाली कीं तो आपोआप जागा होतो, समोरचा रस्ता अखंड टिपीत राहतो, आणि पोटांतील नखाएवढ्या कार्डावरची जागा संपली म्हणजे सर्वांत जुनें चित्रण पुसून त्या जागीं नवें लिहूं लागतो. अपघात घडला असतां चूक कोणाची, याची साक्ष तो देतो. आणि रस्त्यावर जमलेल्या गर्दींत ज्यास आवाज चढवितां येत नाहीं अशा भिडस्त मनुष्यास ही मुकी साक्ष फार उपयोगी पडते. क्वचित् याहून मोठें कार्यही त्याच्या हातून घडतें. १५ फेब्रुवारी २०१३ रोजीं सकाळीं रशियांतील चेल्याबिन्स्क शहराजवळ आकाशांत सुमारें २० मीटर रुंदीचा एक उल्कापाषाण फुटला. त्या देशांत असे कॅमेरे आधींच पुष्कळ मोटारींत असल्यामुळें त्याचें चित्रण अनेक ठिकाणांहून झालें. आणि तो सूर्याभोंवतीं कोणत्या कक्षेंत फिरत असला पाहिजे हें त्या चित्रणांच्या आधारें शास्त्रज्ञांस गणितानें काढतां आलें.

कॅमेरा कोणता घ्यावा याविषयीं दुकानदार हवें तितकें बोलतो. तो बसवावा कसा, याविषयीं मात्र तो सहसा मौन धरितो. आणि आमच्या मतें घोटाळा होतो तो येथेंच. आमच्या परिचयाच्या एका गृहस्थांनीं मे महिन्यांत आपली मोटार भर दुपारीं उन्हांत उभी करून ठेविली होती. सायंकाळीं ते घाट उतरूं लागले तेव्हां एका वळणावर कांचेवरचा कॅमेरा सुटून खालीं पडला आणि घरंगळत त्यांच्या पायांपाशीं आला. तो ब्रेकच्या पेडलाखालीं अडकला असता तर काय झालें असतें, हें सांगावयास नको. त्यांनीं वांकून तो उचलण्याचा मोह आवरला व रुंद जागा पाहून गाडी बाजूस घेतली, म्हणून निभावलें. अपघाताची साक्ष देण्यासाठीं आणलेली वस्तु स्वतःच अपघातास कारण होऊं नये, एवढ्याचसाठीं हा लेख आहे.

कॅमेऱ्याचें वजन तें काय, शंभर ग्रॅमच्या आसपास, असें कोणी म्हणेल. परंतु वस्तूचें वजन आणि आघाताच्या वेळीं तिला धरून ठेवण्यास लागणारा जोर, या दोन गोष्टी भिन्न होत. ताशीं ५० किलोमीटर वेगानें जाणारी मोटार म्हणजे सेकंदास सुमारें १४ मीटर जाणारी मोटार. ती कशावर आदळून अर्ध्या मीटरच्या आंत थांबली, तर तिचा वेग गुरुत्वाकर्षणाच्या सुमारें वीसपट त्वरेनें कमी होतो. म्हणजे त्या क्षणापुरता शंभर ग्रॅमचा कॅमेरा दोन किलोग्रॅम वजनासारखा पुढें ओढला जातो. तो सैल असेल तर त्याच ५० किलोमीटरच्या वेगानें सुटतो. सुमारें दहा मीटर उंचीवरून, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून, खालीं सोडलेल्या दगडास जमिनीजवळ जो वेग येतो तोच हा. वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनीं हा हिशेब आपल्या वहींत करून पाहावा; गतीचीं समीकरणें कशाला शिकावयाचीं, असें मग त्यांस वाटणार नाहीं.

कॅमेरा कांचेस धरून ठेवण्याच्या दोन रीती प्रचारांत आहेत. पहिली सक्शन कपाची. ही रबराची किंवा मऊ प्लॅस्टिकची पसरट वाटी असते. ती कांचेवर दाबून आंतील हवा घालविली म्हणजे बाहेरच्या वातावरणाचा दाब तिला कांचेशीं जखडून टाकतो. वातावरणाचा दाब दर चौरस सेंटिमीटरवर सुमारें एक किलोग्रॅम असतो. सतराव्या शतकांत जर्मनींतील माग्देबुर्गच्या ओटो फॉन गेरिके यांनीं धातूचे दोन पोकळ अर्धगोल एकमेकांस जुळवून आंतील हवा काढून घेतली, तेव्हां दोहों बाजूंस घोडे जुंपूनही ते ओढून अलग करणें किती कठीण जातें हें लोकांनीं डोळ्यांनीं पाहिलें. तोच जोर आपल्या वाटींतही काम करितो. पांच सेंटिमीटर व्यासाच्या वाटीचें क्षेत्रफळ वीस चौरस सेंटिमीटरच्या थोडें आंत भरतें; आंतली निम्मी हवा जरी तशीच राहिली तरी ती दहा किलोग्रॅमच्या जोरानें धरली जावी. मग ती पडते कां?

पुष्कळांची समजूत अशी कीं, उन्हानें आंतील हवा प्रसरण पावते व वाटीला ढकलते. ही समजूत अर्धीच खरी आहे. ३० अंशांवरची हवा ७० अंशांपर्यंत तापली तर तिचा दाब एक-अष्टमांशाइतका वाढेल. तेवढ्यानें वाटी सुटूं नये. खरें कारण असें कीं, वाटीचें प्लॅस्टिक उष्णतेनें मऊ पडतें आणि मूळ आकारास परत येण्याची त्याची ओढ ढिली होते. ती ओढच आंतली पोकळी टिकवून धरीत असते. त्यांत वाटीच्या कडेखालीं धुळीचा एखादा कण किंवा केस असला म्हणजे हवा कणाकणानें आंत शिरते, आणि कांहीं तासांनीं, बहुधा कोणी पाहत नसतांना, वाटी गळून पडते. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यांत सावलींतलें तापमान ४५ अंशांच्या वर जातें. तेथें उन्हांत बंद करून ठेविलेल्या मोटारीच्या कांचेजवळ काय अवस्था होत असेल याची कल्पना करावी. सारांश, जो कॅमेरा एका गाडींतून काढून दुसरींत न्यावयाचा आहे त्यास वाटी ठीक. आणि तीही दर आठ-पंधरा दिवसांनीं काढून, पुसून पुन्हां बसवावी. कायमच्या कामास आम्ही ती सुचविणार नाहीं.

दुसरी रीत दुहेरी चिकटपट्टीची. ही साधी कागदी पट्टी नव्हे. ॲक्रिलिक नांवाच्या पदार्थाच्या स्पंजासारख्या जाड थराची ती केलेली असते; थ्री-एम कंपनीची व्ही.एच.बी. पट्टी हें तिचें सर्वांत परिचित उदाहरण. हा थर घट्ट असूनही किंचित् वाहता असतो, त्यामुळें डोळ्यांस न दिसणाऱ्या खांचाखळग्यांत तो हळूहळू शिरतो, आणि खड्ड्यांतून जातांना बसणारे हादरे स्वतः ताणला जाऊन पचवितो. टांगून ठेविलेल्या वजनास दर किलोग्रॅममागें ५५ ते ६० चौरस सेंटिमीटर पट्टी असावी, असा तिचा ढोबळ नियम आहे. या मापानें शंभर ग्रॅमच्या कॅमेऱ्यास सहा चौरस सेंटिमीटर पुरे. तीन सेंटिमीटर लांब-रुंद पट्टींत नऊ मिळतात.

परंतु ही पट्टी घाई सोसत नाहीं. साधारण उष्णमानांत चिकटविल्यापासून वीस मिनिटांत तिची सुमारें निम्मी पकड तयार होते, चोवीस तासांत नव्वद टक्के, आणि पूर्ण पकड येण्यास बहात्तर तास लागतात. लोक पट्टी लावतात, लगेच कॅमेरा अडकवितात, लगेच फिरावयास निघतात, आणि दुसरे दिवशीं दुकानदारास बोल लावतात! योग्य रीत अशी कीं, आज नुसती बैठक चिकटवावी, आणि कॅमेरा तिच्यावर उद्यां चढवावा. कांच फार थंड असतां, म्हणजे १० अंशांच्या खालीं, पट्टी धरत नाहीं. आपल्याकडे ही अडचण हिंवाळ्यांतील पहांटेखेरीज फारशी येत नाहीं. उन्हांत पोळलेल्या कांचेवरही लावूं नये. सकाळीं सावलींत गाडी उभी करून काम करावें.

त्याआधीं कांच पुसणें आलें. कांच आंतून स्वच्छ दिसत असली तरी मोटारींतील प्लॅस्टिक तापून त्यांतून निघणाऱ्या वाफांचा एक तेलकट थर तिच्यावर बसलेला असतो. ओल्या फडक्यानें तो जात नाहीं. आयसोप्रोपिल अल्कोहोल व पाणी समभाग घेऊन, धागे न सुटणाऱ्या कापडानें तेवढी जागा दोनदां पुसावी व पूर्ण वाळूं द्यावी. पुसल्यावर त्या जागेस अगर पट्टीच्या उघड्या अंगास बोट लावूं नये. मग बैठक एका बाजूकडून टेकवीत नेऊन, आंत हवेचा बुडबुडा राहणार नाहीं अशी, पंधरा-वीस सेकंद अंगठ्यानें जोरानें दाबून धरावी.

जागा कोणती? चालकाच्या दृष्टीआड येणार नाहीं ती. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो; म्हणून मधल्या आरशाच्या मागें, किंचित् डावीकडे, कांचेच्या वरच्या भागांत कॅमेरा बसवावा. चालकाच्या आसनावर बसून पाहिलें असतां तो आरशाआड लपला पाहिजे. वायपर जेवढी कांच पुसतो त्या कक्षेंतच भिंग असावें, नाहीं तर पावसाळ्याचे चार महिने धुकटाशिवाय कांहीं टिपलें जाणार नाहीं. कांचेच्या वरच्या कडेस काळ्या ठिपक्यांची नक्षी असते. ती भाजून बसविलेली असून तिचा पृष्ठभाग सपाट नसतो. तेथें वाटी मुळींच धरत नाहीं व पट्टीचीही पकड कमी पडते. नव्या मोटारींत आरशापाशीं मोटारीचीं स्वतःचीं संवेदक यंत्रें असतात, त्यांच्यापुढें कांहींएक येऊं देऊं नये. डॅशबोर्डच्या वर, पुढील प्रवाशासमोर, एअरबॅगच्या झांकणावर तर कॅमेरा ठेवूंच नये. ती पिशवी डोळ्याचें पातें लवण्याच्या आंत फुगते आणि वाटेंतली वस्तु प्रवाशाच्या तोंडावर फेंकते.

बैठकीचा दांडा जितका आखूड तितका बरा. चिकटपट्टी सरळ ओढीस फार बळकट असते, पण एका कडेनें सोलून काढूं गेल्यास तीच लवकर हार खाते. लांब दांड्याच्या टोकास टांगलेला कॅमेरा प्रत्येक खड्ड्याबरोबर झोंके घेतो व तरफेच्या न्यायानें पट्टीची वरची कड सोलूं पाहतो. शिवाय चित्र थरथरतें, आणि पुढच्या वाहनाचा क्रमांक, ज्यासाठीं एवढा खटाटोप, तोच वाचतां येत नाहीं. पांचरीच्या आकाराची, कांचेलगत बसणारी बैठक सर्वांत उत्तम.

तारेकडे लोक दुर्लक्ष करितात. लोंबती तार गिअरच्या दांड्यांत किंवा चालकाच्या हातांत अडकते, आणि ओढली गेली म्हणजे कॅमेऱ्यासही हिसका देते. ती छताच्या अस्तराच्या कडेंत बोटानें खोंचून डावीकडे न्यावी, दरवाज्याच्या रबरी बीडिंगखालून उतरवावी, आणि पुढील खणाच्या खालून चार्जरच्या खांचेकडे आणावी. कॅमेऱ्याजवळ बोटभर तार सैल ठेवावी. पुष्कळ मोटारींत कांचेशेजारच्या खांबांत व छताच्या कडेंत पडद्यासारखी एअरबॅग दडलेली असते; तिच्यापुढून तार गेली तर ती नीट उघडत नाहीं. तेथील आवरण काढण्याची वेळ आल्यास तें काम जाणत्या मेकॅनिककडूनच करवावें. फ्यूजच्या पेटींतून वीज घ्यावयाची असल्यास स्वतंत्र फ्यूज असलेली, व बॅटरी उतरूं लागतांच वीज तोडणारी जोडणीच वापरावी. आणखी एक: उष्ण प्रदेशांत लिथियम बॅटरीचा कॅमेरा घेण्यापेक्षां कपॅसिटरवर चालणारा घ्यावा, उन्हानें लिथियम बॅटरी फुगण्याचें भय असतें.

भिंग असें रोखावें कीं क्षितिज चित्राच्या मध्यावर येईल व बॉनेटची थोडीशी कड खालीं दिसेल. डॅशबोर्डवर पांढरा कागद अगर रुमाल ठेवूं नये; त्याचें प्रतिबिंब कांचेंत पडून रस्ता पुसट होतो. तारीख व वेळ बिनचूक लावावी. १ जुलै २०२४ पासून अंमलांत आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ अन्वयें असें चित्रण पुराव्यांत घेतां येतें, परंतु त्यासोबत विहित प्रमाणपत्र जोडावें लागतें. कार्डावरील मूळ नोंद पुसली जाऊं न देणें हें त्यासाठीं अत्यंत अगत्याचें आहे. कांहीं घडल्यास कार्ड त्याच वेळीं काढून जपून ठेवावें, कारण कॅमेरा जुनें पुसून नवें लिहिण्याचें आपलें काम थांबवीत नाहीं.

पुढें कधीं बैठक काढावयाची झाल्यास ती चाकूनें खरवडूं नये अगर हिसकूं नये. केस वाळविण्याच्या यंत्रानें पट्टी कोमट करावी, आणि दांत साफ करण्याचा मेणदोरा अगर मासे धरण्याच्या गळाची बारीक दोरी बैठकीमागें घालून करवतीसारखी मागेंपुढें ओढावी. पट्टी मधोमध चिरली जाऊन बैठक हातांत येते. कांचेवर उरलेला थर अंगठ्यानें चोळला म्हणजे गुंडाळ्या होऊन निघतो. मागच्या कांचेवर मात्र हा प्रयोग जपून करावा. तेथें कांच तापविण्याच्या बारीक रेषा असतात, आणि पट्टी त्यांच्यावर लावली असेल तर ती निघतांना रेषाही घेऊन येते.