माळ्यावरचा मॉनिटर

माळा आवरायला काढला की आपल्या घरातून काय काय निघतं! कान तुटलेलं पातेलं, मुलांच्या पहिली-दुसरीच्या वह्या, ‘कधीतरी दुरुस्त करू’ म्हणून ठेवलेला मिक्सर... आणि हल्ली बऱ्याच घरांतून निघणारी एक वस्तू म्हणजे जुन्या साडीत गुंडाळून ठेवलेला कॉम्प्युटरचा मॉनिटर. चांगला असतो हो! सीपीयू बंद पडला, घरात लॅपटॉप आला, म्हणून हा वर गेला. टाकवत नाही आणि वापरताही येत नाही.

दिवाळीच्या आधी आमच्या बार्शीच्या घरी असाच एक मॉनिटर खाली आला. माझ्या धाकट्या जावेचा. भंगारवाला दारात उभा राहून दीडशे रुपये देतो म्हणत होता. जाऊ काही बोलेना. मग हळूच म्हणाली, ‘‘ताई, भिशीचा नंबर लागला तेव्हा घेतलेला हा. २००९ साली. टायपिंगचे पहिले पैसे मी ह्याच्यावर मिळवले.’’ मी भंगारवाल्याला रद्दी दिली आणि वाटेला लावलं.

ही जाऊ घरी बसून सहा दुकानांचे हिशेब लिहिते. टॅलीत नोंदी करायच्या, बिलं तपासायची, जीएसटीची रिटर्न भरायची. अकरा तारीख आणि वीस तारीख, या दोन तारखांभोवती तिचा महिना फिरतो. त्या दिवसांत तिच्याशी कोणी सणावाराचंही बोलू नये! दोन वर्षांपूर्वी चौदा इंची लॅपटॉप घेतला आणि तेव्हापासून तिची मान धरायला लागली. एवढ्याशा पडद्यावर एकीकडे टॅली आणि दुसरीकडे एक्सेल उघडलं की अक्षरं होतात मोहरीएवढी. ती दिसावीत म्हणून खाली वाकायचं, तेही तासन् तास. पुढे पुढे उजव्या हाताला मुंग्या यायला लागल्या तेव्हा हाडांच्या डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, स्क्रीन वर घ्या, नाहीतर काम कमी करा. तिनं काम कमी करायचं ठरवलं होतं. दोन दुकानं सोडणार होती, आणि तीही नेमकी वेळेवर पैसे देणारी.

डॉक्टरांचंही खरंच आहे. लॅपटॉपची रचनाच अशी की कीबोर्ड आणि स्क्रीन एकमेकांना चिकटलेले. कीबोर्ड हाताला सोयीचा ठेवला की स्क्रीन खाली जातो, स्क्रीन डोळ्यांसमोर आणला की हात अधांतरी. स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा जराशी खाली हवी, आणि हात लांब केला की बोटं टेकतील एवढं अंतर हवं. म्हणजे मॉनिटर वेगळाच पाहिजे. नवा घ्यायचा तर सात-आठ हजार. आणि सतरा इंची मॉनिटर तर समोर साडीत बसलेला!

आधी तो जिवंत आहे का ते बघितलं. विजेची वायर सीपीयूला लागायची तीच याला लागते, त्यामुळे ती घरात सापडली. प्लग लावला, छोटा दिवा लागला आणि पडद्यावर ‘नो सिग्नल’ अशी पाटी फिरायला लागली. ती पाटी बघून आम्हाला वाटलं, गेला. पण उलट आहे बरं का! ती पाटी दिसते म्हणजे मॉनिटर धडधाकट आहे, फक्त त्याच्याशी कोणी बोलत नाहीये. पडदा काळाच राहिला, दिवाही लागला नाही किंवा चित्र येऊन लुकलुकत राहिलं, तर मात्र आत काहीतरी गेलंय. जुन्या सपाट मॉनिटरमध्ये बऱ्याचदा कपॅसिटर फुगलेले असतात. टीव्ही दुरुस्त करणारा माणूस ते थोडक्या पैशात बदलून देऊ शकतो. आपण स्वतः मात्र उघडायचं नाही, प्लग काढल्यावरही आत वीज साठून राहिलेली असते.

खरी अडचण वायरीची होती. मॉनिटरच्या वायरीला निळं तोंड, दोन्ही बाजूंना पिळायचे स्क्रू, आत बारीक पिना. लॅपटॉपला तसं भोकच नाही. ‘‘आणि ताई, यातली एक पिन तुटलीय!’’ जाऊ रडवेली झाली. मी चष्मा लावून बघितलं. तीन ओळी, पाच-पाच पिनांच्या, आणि मधल्या ओळीतली चौथी जागा रिकामी. आम्ही पुण्याला पुतण्याला फोन लावला. तो हसला. म्हणाला, ‘‘काकू, ती पिन बऱ्याच वायरींना मुळातच नसते. वाकलेली असेल तर बघा, चिमट्यानं हळूच सरळ करा. मोकळ्या जागेची काळजी नको.’’

दुसऱ्या दिवशी जाऊ वायर पिशवीत घालून दुकानात गेली. काउंटरवरच्या मुलानं वायरीकडे बघितलं आणि म्हणाला, ‘‘काकू, हे आता चालत नाही. बंद झालं. नवीन मॉनिटर दाखवू का?’’ ती तशीच परत आली. बायकांना दुकानात कॉम्प्युटरचं काही विचारताना अर्धा जीव याच भीतीनं जातो, आपल्याला काही कळत नाही हे समोरच्याला कळेल म्हणून. आणि तो मुलगा काही अगदीच खोटं बोलत नव्हता. अर्धंच बोलत होता.

झालंय काय, की हे निळं तोंड म्हणजे व्हीजीए. आयबीएम कंपनीनं १९८७ साली आणलेलं. पुढची वीस-पंचवीस वर्षं जगभरच्या कॉम्प्युटरला तेच असायचं. २०१० च्या डिसेंबरात इंटेल आणि एएमडी या चिप बनवणाऱ्या कंपन्यांनी, डेल, लेनोव्हो, सॅमसंग आणि एलजी यांच्यासोबत, २०१५ पर्यंत आपण व्हीजीए बंद करत नेणार असं जाहीर केलं. त्याच्या जागी आलं एचडीएमआय, आपल्या टीव्हीला मागे असतं तेच चपटं तोंड. आता दोन्हींत फरक फक्त आकाराचा असता तर साधा सांधा जोडून भागलं असतं, नळाला वेगळ्या मापाची पाइप जोडतो तसं. पण भाषाच वेगळी आहे. व्हीजीएच्या तारेतून लाल, हिरवा, निळा या तीन रंगांसाठी विजेचा कमी-जास्त होणारा दाब जातो. एचडीएमआयमधून जातात आकडे, शून्य आणि एक. म्हणून मध्ये दुभाषी लागतो. तो म्हणजे कन्व्हर्टर, आत बारीक चिप असलेला. बोटभर लांबीचा असतो, आणि त्याला लागणारी थोडीशी वीज तो बहुतेक वेळा लॅपटॉपच्या एचडीएमआयमधूनच घेतो.

हे कळल्यावर भाऊजींनी संध्याकाळी येताना कन्व्हर्टर आणला. चारशे रुपये. घरी आल्या आल्या लावायला गेले, तर बसेचना. दोन्ही बाजूंना भोकंच! मग आणखी एक वायर आणून कसंबसं जोडलं, तरी मॉनिटरवर तीच पाटी, ‘नो सिग्नल’. भाऊजी म्हणाले, ‘‘मी म्हणत होतो ना, जुनं ते जुनंच. घालवले चारशे रुपये.’’ जाऊ आत जाऊन कणीक मळायला लागली. तिची कणीक त्या दिवशी फारच मळली गेली!

रात्री जेवणं झाल्यावर आम्ही दोघी तो तुकडा दिव्याखाली धरून बसलो. बारीक अक्षरांत एका बाजूला ‘व्हीजीए इन’ लिहिलं होतं आणि दुसऱ्या बाजूला ‘एचडीएमआय आऊट’. म्हणजे हा उलटा! जुना कॉम्प्युटर नव्या टीव्हीला जोडायचा तर लागणारा. आपल्याला हवा होता नव्या लॅपटॉपकडून जुन्या मॉनिटरकडे जाणारा. हा दुभाषी एकाच बाजूनं बोलतो, उलटा फिरवून चालत नाही. मैत्रिणींनो, एवढी एक गोष्ट लक्षात ठेवलीत तरी पुष्कळ. दुकानात ‘व्हीजीए-एचडीएमआय द्या’ असं म्हणू नका. ‘माझ्या लॅपटॉपला एचडीएमआय आहे, मॉनिटरला व्हीजीए आहे, लॅपटॉपचं चित्र मॉनिटरवर बघायचंय’ असं पूर्ण वाक्य म्हणा. बरोबर तुकडा ओळखायची खूण सोपी आहे. त्याला एका टोकाला लॅपटॉपमध्ये जाणारं चपटं एचडीएमआयचं तोंड असतं आणि दुसऱ्या टोकाला निळी वायर आत घेणारं भोक. दोन्ही टोकांना तोंडं असलेली नुसती वायरही मिळते, पण तिच्यात चिप आहे का ते विचारा. नसेल तर ती कामाची नाही. शक्यतो लॅपटॉप घेऊन जा आणि तिथंच लावून बघा.

या वेळी जाऊ लॅपटॉप घेऊन गेली. मी सोबत होते, पण बोलली तीच. दुकानदारानं बदलून द्यायला आढेवेढे घेतले, पाकीट फोडलंय म्हणाला. ती शांतपणे म्हणाली, ‘‘मी काय जोडायचंय ते आमच्या ह्यांनी सांगितलं होतं. तुम्ही उलटं दिलंत. यावर लिहिलंय बघा.’’ त्यानं वाचलं, बदलून दिलं, वर पन्नास रुपये परतही दिले.

घरी लावलं, आणि पुन्हा ‘नो सिग्नल’! पण आता आम्ही घाबरलो नाही. कीबोर्डवर खाली डावीकडे खिडकीचं चित्र असलेलं बटण असतं. ते दाबून ठेवायचं आणि पी दाबायचं. पडद्यावर चार पर्याय येतात. ‘डुप्लिकेट’ म्हणजे दोन्हीकडे तेच चित्र. ‘एक्स्टेंड’ म्हणजे दोन पडद्यांचा एक मोठा पडदा, टॅली एकावर, एक्सेल दुसऱ्यावर. ‘सेकंड स्क्रीन ओन्ली’ म्हणजे फक्त मॉनिटर. आणि ‘पीसी स्क्रीन ओन्ली’ म्हणजे फक्त लॅपटॉप, आमचं तिथंच अडकलं होतं. एक्स्टेंड केलं आणि चित्र आलं बाई! थोडं डावीकडे सरकलेलं होतं, मॉनिटरवरचं ‘ऑटो’ बटण दाबल्यावर मधोमध बसलं. मॉनिटर डावीकडे ठेवलेला आणि माउसचा बाण मात्र उजवीकडून बाहेर पडायचा. डिस्प्ले सेटिंगमध्ये एक आणि दोन असे चौकोन दिसतात, ते बोटानं हलवल्यासारखे माउसनं ओढून जागेवर ठेवले की तेही सुटतं.

अक्षरं पुसट किंवा ताणलेली दिसली तर तिथंच ‘रिझोल्यूशन’ बघा. सतरा इंची चौकोनी मॉनिटरला बहुधा १२८० बाय १०२४ लागतं, पंधरा इंचीला १०२४ बाय ७६८. ‘आउट ऑफ रेंज’ अशी पाटी आली तर लॅपटॉप त्याला झेपेल त्याहून मोठं चित्र पाठवतोय, कमी करा. आवाज गेला तर घाबरू नका. व्हीजीएतून आवाज जातच नाही, पण लॅपटॉपला वाटतं की तो मॉनिटरकडे पाठवायचाय. उजव्या कोपऱ्यातल्या स्पीकरच्या चिन्हावर जाऊन लॅपटॉपचा स्पीकर निवडायचा. सिनेमा-मालिकांची काही ॲप्स या जुन्या वाटेनं चित्र दाखवायला नकार देतात, पडदा काळा होतो. कामाच्या वेळी ते बरंच म्हणायचं!

तुमच्या मॉनिटरला मागे निळ्याशेजारी पांढरं, रुंद तोंड असेल तर तुम्ही नशीबवान. ते डीव्हीआय, १९९९ सालचं, आणि बहुतेकदा एचडीएमआयसारखंच आकड्यांत बोलणारं. तिथे दुभाषी लागत नाही, साधी वायर चालते. अगदी नव्या पातळ लॅपटॉपला एचडीएमआयही नसतं, फक्त मोबाइलच्या चार्जरसारखं छोटं टाइप-सी भोक. त्यासाठीही टाइप-सी ते व्हीजीए असा तुकडा मिळतो, पण प्रत्येक टाइप-सीमधून चित्र बाहेर येत नाही, काहींतून नुसतं चार्जिंग आणि फाइली. म्हणून तोही दुकानात लावून बघूनच घ्यायचा.

आणि तो टीव्हीसारखा मागे फुगलेला, जड काचेचा मॉनिटर असेल तर? चालतो तोही, याच कन्व्हर्टरनं. पण वीज सपाट मॉनिटरच्या जवळजवळ दुप्पट खातो, आणि ६० हर्ट्झवर लुकलुकून डोळे दुखवतो. सेटिंगमध्ये ७५ मिळालं तर ते घ्या. बंदच पडला असेल तर मात्र भंगारात देऊ नका. त्याच्या काचेत शिसं असतं, आणि भंगारवाल्याकडे ती काच हातोड्यानं फोडली जाते, बऱ्याचदा लहान मुलांच्या देखत. ई-कचरा वेगळा घेणारी केंद्रं असतात, नगरपालिकेत चौकशी करावी.

आमच्याकडे आता जुन्या दोन डिरेक्टरींवर मॉनिटर उभा आहे आणि अडीचशे रुपयांचा वेगळा कीबोर्ड आलाय. मान पूर्ण बरी झाली असं नाही, व्यायाम चालूच आहे, पण हाताच्या मुंग्या थांबल्या. दोन्ही दुकानं तिच्याकडेच राहिली. या महिन्यात वीस तारखेचं काम अठरालाच संपलं, तर भाऊजींनी मॉनिटरकडे बघत विचारलं, ‘‘याच्यावर मॅच दिसेल का गं?’’ जाऊ म्हणाली, ‘‘दिसेल. पण आधी ती साडी धुऊन वाळत घाला, रात्री ह्याच्यावर झाकायला लागते.’’