उतरणाऱ्या गाडीची ऊर्जा

घाट चढणाऱ्या आगगाडीचे कौतुक सर्वांसच वाटते. तीच गाडी उतरताना काय घडते, इकडे सहसा लक्ष जात नाही. बोरघाटात कित्येक ठिकाणी ३७ मीटर अंतरास १ मीटर इतका तीव्र उतार आहे आणि लोणावळ्याहून कर्जतेपर्यंत गाडी ५५० मीटरांहून अधिक खाली येते. १,००० टन वजनाच्या गाडीची यात सुमारे १,५०० युनिट ऊर्जा मोकळी होते. ती सारी चाकांवर ठोकळे दाबूनच जिरवावयाची म्हटल्यास ठोकळे तापून त्यांची पकड सुटण्याची भीती असते. (‘गतिरोधक’ हा शब्द रस्त्यावरील उंचवट्याने बळकावल्यामुळे ‘ब्रेक’ हाच शब्द आम्ही ठेवीत आहो.)

म्हणून हे काम शक्य तितके मोटारीकडेच सोपवितात. मोटार आणि जनित्र ही मुळात एकाच यंत्राची दोन रूपे होत. वीज दिली की ते फिरते; बाहेरच्या जोराने फिरविले की वीज निर्माण करते, आणि तसे करताना त्या जोरास विरोध करते. हा विरोध हाच ब्रेक. निर्माण झालेली वीज रोधकांत सोडून तिची उष्णता करणे, ही सोपी रीत. ती तारेत परत पाठविणे अधिक किफायतीचे. परंतु तेथे घेणारा हवा. दुसरी गाडी त्याच वेळी घाट चढत असली, किंवा उपकेंद्र ती वीज पुढे पोचवू शकत असले, तरच हे साधते. नाही तर तारेतील दाब वाढू लागतो आणि पुन्हा रोधकांचा किंवा ठोकळ्यांचाच आश्रय करावा लागतो.

प्रवाहाची जोडणी उलटी करून मोटार थांबविण्याचीही एक रीत आहे. ती झटपट खरी, पण उधळी. प्रवर्तन मोटार अशा रीतीने पूर्ण वेगावरून थांबविली, तर फिरत्या भागात साठलेल्या गतिज ऊर्जेच्या सुमारे तिप्पट उष्णता तिच्या रोटरच्या परिपथात निर्माण होते. आणि थांबताक्षणीच वीज तोडली नाही, तर मोटार उलटी फिरू लागते.

जनित्राच्या रीतीत मात्र एक मूलभूत उणीव आहे. वेग मंदावला की निर्माण होणारा दाब घटतो, आणि त्याबरोबर ब्रेकचा जोरही. उभ्या मोटारीत तो मुळीच उरत नाही. उतारावर उभी गाडी धरून ठेवण्यास ठोकळेच लागतात. लिफ्टमध्ये याचसाठी ब्रेक स्प्रिंगने लागतो व विद्युच्चुंबकाने सुटतो. वीज गेली की चुंबकाची ओढ संपते आणि स्प्रिंग ब्रेक लावते.