टँकर उभा, पण चालक झोपणार कसा?

मी मुळशीतल्या भरे गावातून बोलतोय. शेजारच्या पिरंगुटला कारखाने, त्यामुळे रसायनांचे टँकर आमच्या रोजच्या बघण्यातले. परवा टपरीवर एका चालकाला विचारलं, "काका, झोप कधी काढता?" ते हसले. "गाडी खाली झाली की!"

2025 पर्यंत लागू असलेल्या 1961 च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने घालून दिलेला हिशोब सोपा होता: दिवसाला आठ तास काम, आणि सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती. पण माल घातक असला की 1989 चे केंद्रीय मोटार वाहन नियमही लागतात. गाडी सुरक्षित जागीच उभी करायची, आणि तिच्यावर चालकाची किंवा दुसऱ्या जाणकार, अठरा वर्षांवरच्या माणसाची सतत देखरेख हवी.

मग एकट्या चालकाने डोळा लावायचा कधी?

13 जून 2023 ला लोणावळ्याजवळ द्रुतगती मार्गावर टँकर उलटून पेटला. चौघे गेले, त्यात पुलाखालून जाणारेही होते. कारण काही असो, अशा गाडीत चूक किती महाग पडते ते कळलं. म्हणून दुसरा जाणकार माणूस म्हणजे फालतू खर्च नाही. तो असेल तरच ती अर्ध्या तासाची विश्रांती खरी.

तुमच्या घरात कुणी टँकर चालवत असेल, तर आज एवढंच विचारा: सोबत कोण असतं? भेटू पुढच्या भागात!