उघड्या कड्यावरून भूगर्भ

कॅनडातील आल्बर्टा प्रांतात लेड्यूक येथे तेल लागण्यापूर्वी एकाच कंपनीच्या १३३ विहिरी कोरड्या गेल्या. कोरडी विहीर हिशेबाच्या वहीत एका ओळीत मावते. थंडीत मचाणावर राबलेले हात त्या ओळीत दिसत नाहीत, एवढे आम्ही जाता जाता सांगून ठेवतो. ता. १३ फेब्रुवारी १९४७ रोजी लेड्यूक येथे तेल आले. त्याच वर्षी शेजारची दुसरी विहीर आणखी खोल गेली आणि तिला लागली सुमारे ३७ कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्रातली चुनखडीची भित्ती. प्रवाळभित्तीसारखीच, परंतु मुख्यतः स्ट्रोमॅटोपोरॉइड नावाच्या, आता नामशेष झालेल्या स्पंजांनी बांधलेली.

तेल जमिनीखाली तळ्यासारखे साचलेले नसते. ते खडकाच्या छिद्रांत असते. छिद्रे कोठे आहेत, एकमेकांना जोडलेली आहेत की बंद, यावर सारे अवलंबून. विहिरीतून वर येतो तो मनगटाएवढा दगडी दांडा. त्यावरून मैलोगणती पसरलेली भित्ती सांगणे म्हणजे एका विटेवरून वाडा ओळखणे.

इथे डोंगर उपयोगी पडतो. रॉकी पर्वत घडताना त्याच काळातले थर दुमडून वर आले. कॅनमोर गावाजवळ ग्रासी तळ्यांवर असा कडा उघडा आहे. (लॉरेन्स ग्रासी हा कोळसाखाणीतला मजूर; तिथली पायवाट त्याने स्वतः बांधली. मजुराचे नाव तळ्याला मिळाले, हे आम्हांस विशेष वाटते.) कड्यात बोट जाईल, मूठ जाईल अशी भोके आहेत. सह्याद्रीच्या कातळातही भोके दिसतात, पण ती लाव्ह्यातल्या वायूच्या बुडबुड्यांची. इथे चुनखडीचा डोलोमाइट झाला, स्पंजांचे सांगाडे विरघळले आणि त्यांच्या जागा रिकाम्या राहिल्या. बारीक काड्यांसारखा अ‍ॅम्फिपोरा शांत, उथळ पाण्यातला; मोठे गड्डे लाटांच्या बाजूचे. कोणता जीव कोणत्या थरात, हे टिपले की भोके कोठे दाट, कोठे विरळ, याचा अंदाज येतो.

मात्र कडा म्हणजे तेलक्षेत्राची नक्कल नव्हे. डोंगर होताना तो दाबला गेला, तडकला, पुढे पावसाने व हिमाने झिजला. म्हणून रचना कड्यावरून घ्यावी, छिद्रांची मोजणी दांड्याशी ताडून पाहावी.

२०२० पासून क्लाइव्ह येथे अशाच लेड्यूक भित्तीत कार्बन डायऑक्साइड सोडला जातो. तेल बाहेर ढकलण्यासाठी आणि वायू तिथेच कोंडून ठेवण्यासाठी. तो आत कोणत्या वाटेने जाईल, हा प्रश्नही त्याच भोकांचा. या वेळी अंदाज चुकला तर कोरड्या विहिरीवर भागणार नाही.