पलटण, पेन्शन आणि कोकणपट्टी

मराठा लाइट इन्फन्ट्रीवरचा लेख म्हटला की तो मावळ्यांपासून सुरू होणार आणि प्रतापगडावरून थेट बेळगावला उतरणार, असा शिरस्ताच पडला आहे. प्रत्यक्षात तिची सर्वांत जुनी जंगी पलटण 1768 साली उभी केली ती ईस्ट इंडिया कंपनीने, स्वतःची मुंबई राखायला. कंपनीच्या याच मुंबई लष्कराच्या फौजेने 1779 साली वडगावला मराठ्यांपुढे शस्त्रे टाकली, हे लिहायला आमच्या वंशावळकारांची लेखणी कचरते. शिवाजी महाराजांचा जयघोष खरा आणि टेमलाईचाही खरा. पण पलटणीचे या मुलखाशी नाते कसे जुळले, ते त्याने उलगडत नाही. 1903 आणि 1922 चे क्रमांकबदल हौशी मंडळींना लखलाभ. 103, 105, 110, 114, 116 आणि 117 या पलटणी एका छत्राखाली आल्या, शिक्षणाचे ठाणे बेळगावला स्थिरावले, इतके पुरे.

हे नाते जुळवले पगाराने आणि त्याहूनही पेन्शनीने, आणि त्याचा पुरावा घाटमाथ्यापेक्षा कोकणात अधिक स्वच्छ दिसतो. खोताचा वाटा चुकवून उरलेल्या भातावर आणि वरकस जमिनीतल्या नाचणीवर वर्ष निघत नसे. रोकड घरात यायची ती गिरणीतून नाहीतर पलटणीतून. दापोलीला आजही लोक ‘कॅम्प’ म्हणतात. छावणी उठली तरी पेन्शनर राहिले. आंबडव्याचे महार सुभेदार रामजी सकपाळ निवृत्तीनंतर तिथेच येऊन राहिले. लढाऊ जातींचा सिद्धांत उराशी धरणाऱ्यांची पंचाईत नेमकी इथे होते. कोरेगावच्या स्तंभावर 1818 च्या लढाईत पडलेल्या महारांची ‘नाक’ प्रत्ययाची नावे कोरलेली असताना 1890 च्या दशकात सरकारने महारांची भरती बंद केली. गोपाळबाबा वलंगकर आणि नंतर शिवराम जानबा कांबळे यांनी ती पुन्हा सुरू व्हावी म्हणून अर्ज केले. पहिल्या महायुद्धात माणसांची चणचण भासली तेव्हा 111 वी महार पलटण उभी राहिली, आणि गरज सरताच मोडली. 1941 साली महार रेजिमेंट निघाली, तीही बेळगावातच. शौर्य रक्तात असेल तर ते सरकारी हुकमाने असे आटत आणि वाहत नाही.

सातारकर म्हणतील, अपशिंग्याचे काय? पहिल्या महायुद्धात 46 माणसे गमावूनही ते गाव फौजेत जातच राहिले आणि नावापुढे ‘मिलिटरी’ लागले. बरोबर, पण त्यामागे भरतीची रीतच होती. हवालदार रजेवर आला की परतताना पुतण्या-भाच्याला घेऊन जाई, आणि साहेबालाही ओळखीच्या गावचा रंगरूट हवा असे. मग पोटासाठी गेले म्हणजे भाडोत्री का, हा दुसरा आक्षेप. पलटणीत जाण्याचे कारण आणि गोळीसमोर उभे राहण्याचे कारण एकच असावे लागत नाही. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे 10 जुलै 1944 रोजी इटलीत, तुकडीतले बाकी सगळे पडल्यावर, मशीनगनच्या मोर्चावर एकटे धावले. बॉम्ब टाकला, गोळ्या झाडल्या. मॅगझिन रिकामे झाले तेव्हा उरलेल्या दोघांना बंदुकीच्या दस्त्याने लोळवले, आणि लपलेल्या नेमबाजांनी त्यांना टिपले. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. हे पगाराच्या हिशेबात बसत नाही, आणि बसवायचा माझा आग्रहही नाही.

पण पलटणीचे गावाशी नाते पेन्शनीने जुळले, म्हणूनच 2022 च्या अग्निपथ योजनेकडे मी भरतीच्या नव्हे, पेन्शनीच्या बाजूने पाहतो. चार वर्षांनी चारातला फार तर एक जण कायम होणार; बाकीच्यांच्या हाती सुमारे 11 लाख 71 हजारांचा सेवानिधी पडणार, पेन्शन नाही. भरतीच्या मैदानावर तर तरुणांची गर्दी आहे, असे योजनेचे कैवारी सांगतात. असेलही, बेकारी आहे तोवर ती राहील. पण पलटण गावात मुरली ती भरतीच्या दिवशी नव्हे, सुभेदार घरी परतल्यानंतर. त्याच्या पेन्शनीवर मुले शाळेत गेली आणि गावातले भांडण त्याच्या ओटीवर मिटू लागले. एकरकमी पैसे घेऊन पंचविशीच्या आत परतलेला पोरगा आधी पुण्या-मुंबईत दुसरी नोकरी शोधणार. गावात तो राहणार कधी आणि पुतण्याला पलटणीत नेणार कोणत्या तोंडाने?