खेळातला समुद्र : लोणारची लाट आणि अरबी समुद्राची लाट

पाणबुडीच्या सिम्युलेशन खेळात समुद्र खोटा वाटला, की पहिला हात जातो तो लाटेच्या उंचीच्या आकड्याकडे. आकडा दुप्पट केल्यावर पाण्याचे सुळके उभे राहतात आणि साठ-सत्तर मीटर लांबीची पाणबुडी पडावासारखी उसळू लागते. वादळ मात्र काही केल्या खरे वाटत नाही. कारण उंची हा सुटा आकडा नाहीच. वारा किती जोराचा, किती वेळ आणि पाण्यावरून किती अंतर सलग वाहिला, यावरून लाटेची उंची, लांबी आणि आवर्तकाल हे सगळे एकदमच ठरते. सलग वाहण्याच्या या अंतराला ‘फेच’ म्हणतात. खेळांच्या सेटिंगमध्ये सर्वांत दुर्लक्षित राहतो तो हाच आकडा.

फेचचा प्रभाव पाहायला समुद्रापासून दूर असलेल्या बुलढाणा जिल्ह्यातले लोणार सरोवर उत्तम आहे. उल्कापाताने झालेल्या त्या विवराचा व्यास सुमारे 1.8 किलोमीटर, आतल्या पाण्याचा सुमारे 1.2 किलोमीटर. या पाण्यावरून सेकंदाला 10 मीटर वेगाचा वारा वाहिला, तर ‘जॉनस्वॅप’ सूत्राप्रमाणे लाटेची उंची 18 सेंटिमीटरच्या आसपास, लांबी तीन मीटरच्या थोडी वर आणि आवर्तकाल दीड सेकंदाच्या आत येतो. विवराची कड वारा अडवते, त्यामुळे प्रत्यक्षात लाट याहूनही लहानच असणार. तोच वारा खुल्या अरबी समुद्रावर पुरेसा वेळ आणि पुरेसे अंतर वाहत राहिला, तर उंची दोन मीटरच्या वर, लांबी सुमारे 90 मीटर आणि आवर्तकाल साडेसात सेकंद होतो. वारा एकच असताना उंची बारापट होते आणि लांबी जवळजवळ तीसपट. म्हणजे मोठी लाट तिच्या लांबीच्या मानाने उलट जास्त सपाट असते. नुसती उंची वाढवल्याने समुद्र का बिघडतो, याचे उत्तर या प्रमाणात आहे.

ही सूत्रे मोजमापांतून आली आहेत. पिअर्सन आणि मॉस्कोविट्झ यांनी 1964 साली उत्तर अटलांटिकमधील हवामान-जहाजांच्या नोंदींवरून पूर्ण वाढलेल्या समुद्राचा स्पेक्ट्रम मांडला, म्हणजे कोणत्या लांबीच्या लाटेत किती ऊर्जा असते याचे कोष्टक. उत्तर समुद्रातील मोजणीवर आधारलेले जॉनस्वॅप 1973 साली आले आणि त्यात फेचचा हिशेब आला. चांगल्या खेळात लाटेची उंची हाताने भरायची नसते. वारा आणि फेच द्यायचे आणि उंची सूत्रावर सोडायची. ‘सायलेंट हंटर 3’ या 2005 सालच्या खेळात वाऱ्याचा वेग सेकंदाला 15 मीटरच्या पुढे जात नाही. एवढ्या वाऱ्याची पूर्ण वाढलेली लाट पावणेपाच मीटरच्या घरात असते. त्याच वाऱ्यावर दहा मीटरची लाट दाखवणारा बदल कितीही रोमांचक वाटला, तरी चुकीचाच.

आता संगणकाच्या खर्चाकडे. खेळातला समुद्र म्हणजे हजारो साध्या लाटांची बेरीज. 256 × 256 बिंदूंच्या जाळीत तेवढ्याच, म्हणजे 65,536 लाटा, प्रत्येक बिंदूवर सरळ मिळवत गेले तर एका चित्रचौकटीसाठी जवळपास 429 कोटी बेरजा होतात. फास्ट फूरिए ट्रान्सफॉर्म, म्हणजे एफएफटी, हेच काम सुमारे साडेदहा लाख पायऱ्यांत करते. जेरी टेसेनडॉर्फ यांच्या टिपणांमुळे ही रीत चित्रपटांच्या आणि खेळांच्या जगात सर्वत्र रुळली. सेकंदाला 60 चौकटी हव्या असतील तर एका चौकटीला 16.7 मिलिसेकंद मिळतात, आणि त्यात समुद्राबरोबर जहाजे, आकाश, धूर हे सारे बसवायचे असते.

इथे एक मोह टाळावा लागतो. जाळी 400 मीटर लांब-रुंद पाण्याची असेल, तर दोन बिंदूंमधले अंतर दीड मीटरच्या थोडे वर येते. एक लाट दाखवायला निदान दोन बिंदू लागतात, म्हणून तीन मीटरपेक्षा आखूड लाट या जाळीत मावतच नाही. वर पाहिलेली लोणारची अख्खी लाट या जाळीच्या अगदी तळाशी येते. बारकावे हवेत म्हणून रिझोल्यूशन 512 केले, तर काम साडेचार पट होते आणि मर्यादा तीन मीटरवरून दीड मीटरवर येते, इतकेच. त्याऐवजी 256 चीच दुसरी जाळी 37 मीटरच्या तुकड्यावर लावली, तर काम फक्त दुप्पट होते आणि 30 सेंटिमीटरपर्यंतच्या लाटा दिसू लागतात. वाटणी मात्र चोख हवी : कोणत्या लांबीची लाट कोणत्या जाळीने काढायची हे ठरलेले असावे, नाहीतर मधल्या लाटा दोनदा मोजल्या जातात. 37 हा आकडाही मुद्दाम घेतलेला आहे. समुद्रभर हेच तुकडे पुन्हा पुन्हा मांडलेले असतात; 400 आणि 40 घेतले, तर दोन्ही तुकड्यांची पुनरावृत्ती एकाच जागी जुळते आणि दूरवर चौकोनांची नक्षी उमटते.

दुसऱ्या टोकाला स्वेल आहे, म्हणजे दूरच्या वादळातून आलेली लांब, शांत लाट. दक्षिण महासागरातून निघालेली अशी लाट भारताच्या पश्चिम किनाऱ्यापर्यंत पोहोचते. खोल पाण्यात लाटेची मीटरमधील लांबी काढायला आवर्तकालाच्या वर्गाला 1.56 ने गुणायचे. 14 सेकंदांची लाट त्या हिशेबाने 300 मीटरहून लांब भरते आणि 400 मीटरच्या तुकड्यात जेमतेम एकदा बसते. ती एफएफटीत कोंबू नये. गेर्स्टनर यांनी 1802 साली मांडलेल्या सूत्राच्या तीन-चार लाटा वेगळ्या मिळवाव्यात. त्यांचा खर्च नगण्य असतो.

पाणबुडीच्या खेळात स्वेल वगळणे ही मोठी चूक ठरते. लाटेचे हेलकावे खोलीबरोबर झपाट्याने विरतात. लांबीच्या निम्म्या खोलीवर ते सुमारे 4 टक्के उरतात. 90 मीटरची वाऱ्याची लाट 45 मीटर खोलीवर जवळजवळ संपते, पण 14 सेकंदांच्या स्वेलचे हेलकावे तिथेही 40 टक्के शिल्लक असतात. माझगाव गोदीत बांधलेली ‘आयएनएस कलवरी’ सुमारे 67 मीटर लांब आहे. अशी पाणबुडी पेरिस्कोपच्या खोलीवर एकसारखी खाली-वर होते. खोली राखणे हेच तिथे काम असते. ज्या खेळात पाण्याखाली जाताच सगळे स्तब्ध होते, तिथे खोलीचा हा घातांकी नियम लावलेलाच नसतो.

बोटीच्या हालचालीसाठी लाटेची उंची प्रोसेसरला कळावी लागते, तर समुद्र बनतो ग्राफिक्स कार्डवर. दर चौकटीला तिथून माहिती परत मागवली की खेळ अडखळतो. म्हणून प्रोसेसरवर फक्त लांब लाटांची छोटी जाळी, 64 × 64 ची, वेगळी चालवणे शहाणपणाचे. लोणारच्या लाटेएवढ्या लाटेने पाणबुडी हलत नाही. ती फक्त दिसावी लागते, आणि दूरवर तर तिचा उतार रंगात दाखवला तरी पुरते.

पेरिस्कोपची काच पाण्यापासून मीटरभर वर असेल, तर क्षितिज जेमतेम साडेतीन किलोमीटरवर असते आणि दोन मीटरची लाट ते सहज झाकते. नजर इतकी सपाट असल्याने पाणी जवळजवळ आरसा होते : सरळ खाली पाहताना सुमारे 2 टक्के प्रकाश परततो, क्षितिजाकडे बहुतेक सगळाच. दूरच्या पाण्याला जाळीचे बिंदू कमी द्यावेत, परावर्तनावर मात्र काटकसर करू नये.

फेस शेवटी. लाटेचा माथा आडवा सरकून दुमडू लागतो, तिथेच तो उमटावा. वाऱ्याशी नाते नसलेला सरसकट पांढरा थर देऊ नये. सगळे जमले की नाही हे घड्याळ लावून पाहता येते. खुल्या समुद्रात, सेकंदाला 10 मीटर वाऱ्यात, स्वेल बंद ठेवून, थांबलेल्या बोटीखालून जाणाऱ्या दोन मोठ्या माथ्यांत सात-आठ सेकंद जायला हवेत. चारच सेकंद गेले, तर खेळाचा फेच कमी पडतो आहे किंवा समुद्राचा वेळ दुप्पट चालवला जातो आहे.