कार्बोहायड्रेट-नियंत्रित आहार

कार्बोहायड्रेट-नियंत्रित आहार : शरीराचे वजन कमी करण्यासाठी अथवा रक्तातील साखरेचे प्रमाण मर्यादेत ठेवण्यासाठी भाकरी, पोळी, भात, पाव, बटाटा, साखर, गूळ इ. पिष्टमय व शर्करायुक्त पदार्थांचे प्रमाण हेतुपूर्वक कमी केलेल्या आहारास कार्बोहायड्रेट-नियंत्रित आहार म्हणतात. दिवसाकाठी १३० ग्रॅ.पेक्षा कमी कार्बोहायड्रेटे असलेल्या आहारास सामान्यतः ‘अल्प’ व २० ते ५० ग्रॅ. असलेल्या आहारास ‘अत्यल्प’ कार्बोहायड्रेट आहार मानतात. त्याहून सौम्य प्रकारात धान्याचा वाटा केवळ काही अंशी घटवून त्याजागी डाळी, दूध, भाज्या इत्यादींची योजना करतात. भारतीय परिस्थितीत हा तिसरा प्रकारच बहुतांश लोकांना आचरता येण्याजोगा आहे.

इतिहास : स्थूलतेवर आहार बदलून उपचार करण्याची कल्पना भारतात प्राचीन आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील अष्टौनिंदितीय अध्यायात अतिस्थूल व्यक्तीचा समावेश निंदित शरीरांत केलेला असून तिच्यासाठी यव, श्यामाक, कोद्रव, मूग, कुळीथ इ. रूक्ष धान्ये व कडधान्ये सांगितली आहेत. या यादीतील ‘जूर्णाह्व’ या धान्याचा अर्थ ज्वारी असा सामान्यतः करतात. येथे धान्य वर्ज्य केलेले नाही. धान्याचा प्रकार बदललेला आहे, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे.

यूरोपात या आहाराचा प्रसार विल्यम बँटिंग या लंडनमधील अंत्यविधी-व्यावसायिकाच्या पुस्तिकेमुळे झाला. डॉ. विल्यम हार्वी यांच्या सल्ल्यावरून त्याने पाव, साखर, बटाटे, बिअर इ. पदार्थ सोडले. त्यामुळे सु. एका वर्षात आपले वजन २०२ पौंडांवरून ४६ पौंडांनी उतरले, असा वृत्तांत त्याने १८६३ मध्ये प्रसिद्ध केला. १९२१ मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकमधील रसेल वाइल्डर यांनी अपस्माराच्या रुग्णांसाठी अत्यल्प कार्बोहायड्रेट व विपुल वसा (स्निग्ध पदार्थ) असलेला आहार सुचविला. १९७२ मध्ये रॉबर्ट ॲटकिन्स यांच्या पुस्तकामुळे वजन घटविण्याचा उपाय म्हणून अशा आहारास पुन्हा मोठी लोकप्रियता लाभली.

महाराष्ट्रात डॉ. श्रीकांत जिचकार (१९५४–२००४) यांच्या विचारांच्या आधारे डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी दिवसातून दोनच वेळा व प्रत्येक वेळी ५५ मिनिटांच्या आत जेवावे, या पद्धतीचा प्रसार केला. ही पद्धत मुख्यतः खाण्याच्या वेळांचे नियमन करणारी आहे. तथापि इन्शुलीन या अंतःस्रावाचे (सरळ रक्तात मिसळणाऱ्या स्रावाचे) वारंवार होणारे स्रवण टाळणे, ही तिच्यामागील भूमिका कार्बोहायड्रेट-नियंत्रणाच्या तत्त्वाशी जुळणारी आहे.

शरीरक्रिया : एक ग्रॅ. कार्बोहायड्रेटापासून सु. ४, एक ग्रॅ. प्रथिनापासून सु. ४ व एक ग्रॅ. वसेपासून सु. ९ कॅलरी मिळतात. पिष्टाचे पचन होऊन ग्लुकोज तयार होते व ते रक्तात शोषले जाते. रक्तातील ग्लुकोज वाढताच अग्निपिंडातून इन्शुलीन स्रवते. त्याच्या प्रभावाने ग्लुकोज पेशींत शिरते, काही अंश यकृत व स्नायू यांत ग्लायकोजेनाच्या रूपात साठविला जातो आणि वसेचे विघटन मंदावते. आहारातील कार्बोहायड्रेटे कमी झाल्यास इन्शुलिनाची पातळी उतरते व साठलेल्या वसेचा वापर वाढतो. प्रमाण फारच घटल्यास यकृतात कीटोन पदार्थ तयार होऊन मेंदू व स्नायू त्यांचा इंधन म्हणून उपयोग करतात.

पहिल्या आठवड्यात वजनात दिसणारी झपाट्याची घट मात्र फसवी असते. शरीरात साठलेल्या प्रत्येक ग्रॅ. ग्लायकोजेनाबरोबर सु. ३ ग्रॅ. पाणी धरून ठेवलेले असते. ग्लायकोजेन संपताना हे पाणी उत्सर्जित होते व काटा दोन-तीन किग्रॅ.ने उतरू शकतो. पूर्वीचा आहार सुरू होताच तेवढेच वजन परत येते. वसेची खरी घट सावकाश होते आणि ती एकूण मिळणारी ऊर्जा व खर्च होणारी ऊर्जा यांतील फरकावर अवलंबून असते.

खानदेशातील आहार : जळगाव जिल्ह्याच्या यावल तालुक्यातील फैजपूर व त्याच्या परिसरातील आहार हा या विषयाच्या विवेचनास उपयुक्त असा नमुना आहे. तापी खोऱ्याच्या या केळी व कापूस पिकविणाऱ्या भागात ज्वारीची भाकरी, उडदाची डाळ, वांग्याचे भरीत, ठेचा व शेवभाजी हे नित्याचे पदार्थ असून सणासमारंभांत पुरणाचे मांडे, आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) आमरस व पुरणपोळी आणि पंगतीत डाळ-बट्टी असते. जळगावची केळी व भरिताची वांगी यांना २०१६ मध्ये भौगोलिक निर्देशनाची नोंदणी मिळाली.

वजन कमी करावयाचे असल्यास पोळी सोडून भाकरी खावी, असा समज सर्वत्र रूढ आहे. त्याचा विचार पदार्थांच्या घटकांवरून करता येतो. दर १०० ग्रॅ. ज्वारीत कार्बोहायड्रेटे सु. ६८ ग्रॅ., प्रथिने सु. १० ग्रॅ. व ऊर्जा सु. ३३४ कॅलरी असते. गव्हाच्या कणकेत हेच आकडे अनुक्रमे सु. ६४ ग्रॅ., सु. १०·५ ग्रॅ. व सु. ३२० कॅलरी असे आहेत. तंतुमय भागही दोन्हींत सु. १० ते ११ ग्रॅ. म्हणजे जवळजवळ सारखाच असतो. सडलेल्या पांढऱ्या तांदळात मात्र कार्बोहायड्रेटे सु. ७८ ग्रॅ. व तंतू ३ ग्रॅ.पेक्षा कमी असतात. तेव्हा भाकरी ही पोळीपेक्षा कमी कार्बोहायड्रेटांची नव्हे. भाकरीला तेल लागत नाही, ती चावून खावी लागते व लवकर पोट भरल्याची जाणीव करून देते, हे तिचे गुण खरे असले, तरी दोन पोळ्यांऐवजी दोन मोठ्या भाकरी खाल्ल्यास कार्बोहायड्रेटांचे प्रमाण उलट वाढते. सोललेल्या १०० ग्रॅ. पिकलेल्या केळ्यातही सु. २३ ते २५ ग्रॅ. कार्बोहायड्रेटे असतात, म्हणजेच ते या बाबतीत एका पोळीहून कमी नाही.

याउलट कळण्याची भाकरी ही खानदेशातील योजना आहारशास्त्रदृष्ट्या विशेष आहे. ज्वारीत उडीद मिसळून दळलेल्या पिठास कळणा म्हणतात. तीन भाग ज्वारी व एक भाग उडीद हे प्रमाण धरल्यास दर १०० ग्रॅ. पिठात प्रथिने १० वरून सु. १३ ग्रॅ.पर्यंत वाढतात व कार्बोहायड्रेटे सु. ६२ ग्रॅ.पर्यंत उतरतात. शिवाय धान्यात कमी असलेले लायसीन हे ॲमिनो अम्ल उडदामुळे भरून निघते. तिच्याबरोबर खाल्ल्या जाणाऱ्या वांग्यात कार्बोहायड्रेटे अत्यल्प असतात. मात्र वांगे भाजून, कुटून झाल्यावर त्यात पडणारे तेल व शेंगदाणे यांचा हिशेब वेगळा करावा लागतो.

हा हिशेब उदाहरणाने स्पष्ट होईल. ५० ग्रॅ. पिठाच्या एका भाकरीत सु. ३४ ग्रॅ. कार्बोहायड्रेटे व सु. १६७ कॅलरी असतात. दोन जेवणांत मिळून सहा भाकरी खाणाऱ्याने त्या चारवर आणल्यास दिवसाला सु. ३३४ कॅलरी कमी होतात. एक किग्रॅ. शारीरिक वसेत सु. ७,७०० कॅलरी साठलेल्या असतात असे धरल्यास एवढ्या कपातीने एक किग्रॅ. वसा कमी होण्यास २३ दिवस लागतील. प्रत्यक्षात वजन घटत जाते तसा शरीराचा ऊर्जाखर्चही घटत असल्याने अधिक दिवस लागतात. परंतु भाकरी कमी केली म्हणून उरलेली भूक सु. ६० ग्रॅ. शेंगदाण्यांनी किंवा तळलेल्या शेवेने भागविल्यास ही सर्व बचत नाहीशी होते. पीठ मोजले जाते व तेल मोजले जात नाही, हे अशा प्रयत्नांच्या अपयशाचे नेहमीचे कारण होय.

उपवास हेही असेच एक उदाहरण आहे. एकादशीला धान्य वर्ज्य असते. परंतु त्याजागी येणारा साबुदाणा म्हणजे जवळजवळ शुद्ध पिष्ट असते. बटाटा, वरी व राजगिऱ्याचे गुळातील लाडू हेही कार्बोहायड्रेटबहुल पदार्थ आहेत. त्यामुळे धान्यत्याग आणि कार्बोहायड्रेटत्याग या गोष्टी भिन्न समजाव्या लागतात.

धान्यकपात व तिची भरपाई : फैजपूर येथे डिसेंबर १९३६ मध्ये जवाहरलाल नेहरू यांच्या अध्यक्षतेखाली भरलेले काँग्रेसचे अधिवेशन हे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन होय. त्याला जोडून खादी व ग्रामोद्योगांचे प्रदर्शन भरले होते. महात्मा गांधींच्या प्रेरणेने १९३४ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाच्या कार्यक्रमात हातसडीचा तांदूळ, जात्यावरचे पीठ व गूळ यांचा पुरस्कार समाविष्ट होता. पुढे १९४२ मध्ये पुण्याच्या आगाखान महालात स्थानबद्ध असताना गांधींनी आरोग्याविषयी गुजरातीत एक पुस्तिका लिहिली. तीत बैठे काम करणाऱ्यासाठी त्यांनी दिवसाला सर्व प्रकारचे धान्य मिळून ६ औंस (सु. १७० ग्रॅ.) एवढेच सांगितले आहे. मात्र त्याच्या जोडीला दोन पौंड (सु. ९०० ग्रॅ.) गाईचे दूध, भाज्या व तूप किंवा लोणी यांचीही तरतूद केलेली आहे.

या आकड्याशेजारी दुसरा एक आकडा ठेवण्यासारखा आहे. राष्ट्रीय अन्न सुरक्षा अधिनियम, २०१३ नुसार प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीस महिन्याला ५ किग्रॅ. धान्य मिळते, म्हणजे दिवसाला सु. १६७ ग्रॅ. धान्याचे प्रमाण दोन्हीकडे जवळजवळ एकच आहे. फरक आहे तो दूध, डाळी व भाज्यांचा. ज्यास हे पदार्थ विकत घेणे परवडते, त्याच्या ताटातील धान्य कमी झाल्याने आहार सुधारतो. ज्यास ते परवडत नाहीत, त्याच्या ताटातील भाकरी कमी झाली म्हणजे केवळ जेवण कमी होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) भारतातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी २४ टक्के अतिवजनी अथवा लठ्ठ व १८·७ टक्के अल्पवजनी आढळल्या. एकाच समाजात ही दोन्ही टोके असल्याने धान्य कमी करण्याचा सल्ला सरसकट देता येत नाही. केळीच्या बागेत घड वाहणारा मजूर व दुकानात बसणारा व्यापारी यांच्या गरजा एकाच गावात भिन्न असतात.

परिणामकारकता : अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात ६०९ प्रौढांवर करण्यात आलेल्या व २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत बारा महिन्यांनंतर अल्प-कार्बोहायड्रेट गटाचे वजन सरासरी ६ किग्रॅ.ने व अल्प-वसा गटाचे ५·३ किग्रॅ.ने कमी झाले. हा फरक सांख्यिकीय दृष्ट्या अर्थपूर्ण नव्हता. यावरून कोणता आहार स्वीकारला यापेक्षा तो किती काळ पाळता येतो, याला अधिक महत्त्व आहे असे दिसते. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या, सु. १५,४०० अमेरिकन प्रौढांच्या दीर्घकालीन निरीक्षणात एकूण ऊर्जेपैकी ५० ते ५५ टक्के ऊर्जा कार्बोहायड्रेटांपासून घेणाऱ्यांत मृत्युप्रमाण सर्वांत कमी आढळले. हे प्रमाण ४० टक्क्यांहून कमी अथवा ७० टक्क्यांहून अधिक असणाऱ्यांत ते वाढलेले होते.

भारतीय आहार या मर्यादेच्या वरच्या बाजूस झुकलेला आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या देशव्यापी पाहणीवर आधारलेल्या व २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार भारतीय प्रौढांना सरासरी ६२·३ टक्के ऊर्जा कार्बोहायड्रेटांपासून मिळते. पांढऱ्या तांदळाऐवजी गहू अथवा भरडधान्ये घेतल्याने, एकूण कार्बोहायड्रेटे न घटविता, मधुमेहाचा धोका कमी झाल्याचे या पाहणीत दिसले नाही. त्यांतील थोडा भाग वनस्पतिजन्य अथवा दुग्धजन्य प्रथिनांनी भरून काढणे मात्र कमी धोक्याशी निगडित होते. हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांतही एकूण ऊर्जेपैकी ४५ टक्क्यांहून अधिक ऊर्जा धान्यापासून नसावी असे म्हटले आहे. त्यांतील २,००० कॅलरींच्या नमुना आहारात २५० ग्रॅ. धान्य, ८५ ग्रॅ. डाळी व कडधान्ये, ४०० ग्रॅ. भाज्या व ३०० मिलि. दूध सुचविलेले आहे. [⟶ मधुमेह, लठ्ठपणा].

दक्षता : भारतीयांत देहभारांक (किग्रॅ. वजनास मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारी संख्या) २३ च्या पुढे गेल्यास अतिवजन व २५ च्या पुढे गेल्यास लठ्ठपणा मानतात. कमरेचा घेर पुरुषांत ९० सेंमी. व स्त्रियांत ८० सेंमी.हून अधिक असणे हे धोक्याचे लक्षण समजतात. इन्शुलीन अथवा रक्तशर्करा उतरविणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या मधुमेही व्यक्तीने औषधाची मात्रा तशीच ठेवून अचानक धान्य सोडल्यास रक्तातील ग्लुकोज धोकादायक पातळीपर्यंत उतरून घाम, थरकाप व बेशुद्धी ही लक्षणे उद्भवू शकतात. त्यामुळे आहार बदलण्यापूर्वी वैद्यकीय सल्ल्याने औषधाची मात्रा ठरवून घेणे अत्यावश्यक असते. गर्भवती व स्तनदा माता, वाढीच्या वयातील मुले आणि मूत्रपिंडाचे विकार असलेल्या व्यक्ती यांनी हा आहार स्वतःच्या मनाने सुरू करू नये. अत्यल्प कार्बोहायड्रेट आहारात बद्धकोष्ठ, डोकेदुखी व थकवा हे त्रासही होतात.

ज्यांना वजन कमी करावयाचे आहे अशा बैठे काम करणाऱ्या निरोगी प्रौढांनी प्रथम साखर, गोड पेये व मैद्याचे पदार्थ कमी करावेत; नंतर प्रत्येक जेवणातील भाकरी अथवा पोळी एकेकीने घटवून तिच्याजागी उसळ, डाळ, ताक व भाज्या वाढवाव्यात आणि तेल मोजून वापरावे. कळण्याची भाकरी, उडदाची घट्ट डाळ व कमी तेलातील भरीत या खानदेशी ताटात अशा बदलास लागणारी जवळजवळ सर्व सामग्री आहे. बदलावयाचे असते ते त्यातील पदार्थांचे परस्पर प्रमाण.